विश्लेषण : आइनस्टाइन यांचे शल्यचिकित्सक आणि अ‍ॅसिडिटीवरची 'गुंडाळी'! ही शस्त्रक्रिया किती वर्षे टिकते? चुंबकीय कड्याचे काय?

जेवून अंथरुणाला पाठ टेकली की छातीत जळजळ सुरू होते, आंबट पाणी घशाशी येते. हा त्रास कधीमधी अनेकांना होतो. काहींना मात्र तो रोज होतो आणि वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. अशा निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. त्यातील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया म्हणजे 'निसेन फंडोप्लिकेशन'. अलीकडे त्याच जागी चुंबकीय मण्यांचे कडे बसवले जाऊ लागले आहे. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात बरे वाटते. पण पाच, दहा, वीस वर्षांनी काय? या प्रश्नाचा इतिहास रुडॉल्फ निसेन या शल्यचिकित्सकाच्या आयुष्याशी जोडलेला आहे. त्याविषयी...

कोण होते रुडॉल्फ निसेन?

निसेन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९६ रोजी तत्कालीन जर्मनीतील सायलेशिया प्रांतात, नाइसे या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये असून त्याचे नाव निसा आहे. वडील त्याच गावात शल्यचिकित्सक होते. ज्यू कुटुंबातील रुडॉल्फ यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी म्युनिक, मारबुर्ग आणि ब्रेसलाउ येथील विद्यापीठांत प्रवेश घेतला. शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. ते जर्मन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. आघाडीवर त्यांच्या फुफ्फुसाला गोळी लागली. जीव वाचला, पण त्या जखमेचा त्रास त्यांना आयुष्यभर पुरला. पुढे ज्या शाखेत त्यांनी नाव कमावले ती शाखाही छातीच्या शस्त्रक्रियांचीच होती.

युद्धानंतर फ्रायबुर्गमध्ये प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ लुडविग आशोफ यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. रोगाने शरीरातील ऊती कशा बदलतात, जखम भरताना व्रणाची ऊती कशी तयार होते, याचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय तेथे लागली. १९२१ मध्ये ते म्युनिकला फर्डिनांड झाउअरब्रुख यांचे सहायक झाले.

झाउअरब्रुख यांच्याकडे कोणते काम केले?

झाउअरब्रुख हे त्या काळी छातीच्या शस्त्रक्रियेतील युरोपातील सर्वांत मोठे नाव होते. छाती उघडली की बाहेरच्या हवेच्या दाबाने फुफ्फुस मिटते आणि रुग्ण दगावतो, ही तेव्हाची मोठी अडचण होती. झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये कमी दाबाची बंदिस्त खोली तयार करून त्यावर मार्ग काढला होता. गुरू जितके कर्तबगार, तितकेच तापट. त्यांच्या विभागात टिकणे सोपे नव्हते. निसेन नुसते टिकले नाहीत, तर गुरूंचे उजवे हात झाले. १९२७ मध्ये झाउअरब्रुख बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेले, तेव्हा निसेनही त्यांच्यासोबत गेले.

१९३१ मध्ये निसेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीचे संपूर्ण रोगग्रस्त फुफ्फुस काढले. पहिल्या प्रयत्नात तिचे हृदय थांबले. ते पुन्हा सुरू झाले, पण शस्त्रक्रिया तिथेच सोडावी लागली. काही दिवसांनी दुसऱ्या टप्प्यात ती पूर्ण झाली आणि मुलगी वाचली. एक संपूर्ण फुफ्फुस काढूनही रुग्ण जगल्याचे हे पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते. तेव्हा निसेन पस्तिशीचे होते.

बर्लिन का सोडावे लागले?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा झाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्या कायद्यात तेव्हा सूट होती. छातीत गोळी झेललेले निसेन त्या सवलतीवर काही काळ तरी पदावर राहू शकले असते. त्यांनी ती सवलत घेतली नाही. त्याच वर्षी त्यांचा रूथ बेशेरर यांच्याशी विवाह झाला आणि दोघांनी जर्मनी सोडली.

त्याच सुमारास मुस्तफा केमाल अतातुर्क यांच्या तुर्कस्तानात विद्यापीठांची पुनर्रचना सुरू होती. इस्तंबूल विद्यापीठाला आधुनिक विभाग उभारण्यासाठी प्राध्यापक हवे होते आणि जर्मनीतून अनेक नामवंत बाहेर पडत होते. निसेन यांना इस्तंबूलमध्ये शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद मिळाले. सुरुवातीला या प्राध्यापकांची व्याख्याने दुभाषे तुर्की भाषेत सांगत. निर्वासित डॉक्टरांनी तेथे वैद्यकीय शिक्षणाची नवी घडी बसवली. निसेन यांच्या हाताखाली तुर्की शल्यचिकित्सकांची एक पिढी तयार झाली.

इस्तंबूलच्या रुग्णात निसेन यांना काय आढळले?

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात निसेन यांच्याकडे २८ वर्षांचा एक तरुण आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला खोल व्रण झाला होता. तो भाग कापून काढावा लागला. मग अन्ननलिकेचे उरलेले टोक जठराला जोडायचे होते. असा जोड सुटला तर मृत्यू जवळपास अटळ, कारण तेव्हा प्रतिजैविके नव्हती. जोड सुरक्षित राहावा म्हणून निसेन यांनी जठराच्या भिंतीच्या घड्या अन्ननलिकेच्या टोकाभोवती ओढून टाके घातले.

हेतू फक्त गळती रोखण्याचा होता. पुढे मात्र वेगळीच गोष्ट लक्षात आली. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला नैसर्गिक भाग काढून टाकल्यावर जठरातले आम्ल सहज वर यायला हवे होते. या रुग्णाला तो त्रास झालाच नाही. उलट आधीची जळजळही थांबली. निसेन यांनी या रुग्णाची नोंद ठेवली. तिचा खरा उपयोग व्हायला बरीच वर्षे जायची होती.

आइनस्टाइन यांच्यावर कोणती शस्त्रक्रिया केली?

फुफ्फुसाच्या जुन्या जखमेने पुन्हा डोके वर काढल्याने निसेन १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते तिथेच राहिले. बर्लिन आणि इस्तंबूल गाजवलेल्या या प्राध्यापकाला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये संशोधन सहायक म्हणून नव्याने सुरुवात करावी लागली. १९४१ पासून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये आणि नंतर मायमोनिडीझ हॉस्पिटलमध्ये काम केले.

डिसेंबर १९४८ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन त्यांच्याकडे आले. त्यांना अनेक वर्षे पोटदुखीचे झटके येत होते. पोट उघडल्यावर पित्ताशय ठीक असल्याचे दिसले. पण पोटातील महारोहिणी, म्हणजे शरीरातील सर्वांत मोठी धमनी, ग्रेपफ्रूटएवढी फुगली होती. हा फुगा फुटला तर काही तासांत मृत्यू. तो कापून त्या जागी दुसरी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा कुणालाच साधली नव्हती. पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा यशस्वी झाली १९५१ मध्ये. म्हणून निसेन यांनी तेव्हा उपलब्ध असलेला मार्ग निवडला. त्यांनी फुग्याभोवती सेलोफेनचा पातळ पापुद्रा गुंडाळला.

यामागचे तर्कशास्त्र आजच्या इम्प्लांटच्या चर्चेसाठीही महत्त्वाचे आहे. सेलोफेन शरीराला परके असते. त्याच्याभोवती शरीर दाह निर्माण करते आणि घट्ट व्रणाची ऊती तयार होते. ही ऊती धमनीच्या पातळ भिंतीला बाहेरून आधार देईल, असा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी खरा ठरला. आइनस्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले आणि काम करत राहिले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला त्यांनी नाकारला आणि १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.

अ‍ॅसिड वर का येते?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचा एक भाग कायम आवळलेला असतो. घास आला की तो सैल होतो आणि घास खाली गेला की पुन्हा आवळतो. भोवतालचे श्वासपटलही त्याला बाहेरून आधार देते. हा स्नायू सैल पडला, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकला, तर जठरातील आम्ल वर येते. असे सरकणे म्हणजे हायटस हर्निया. अन्ननलिकेच्या अस्तराला आम्ल सोसत नाही. त्यामुळे जळजळ होते, व्रण पडतात, कधी नळी अरुंद होते, तर काही रुग्णांत अस्तराच्या पेशींचे स्वरूपच बदलते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सारा दोष हर्नियाला दिला जाई आणि छिद्र शिवून जठर जागेवर बसवणे हाच उपाय समजला जाई. निसेन यांनीही १९४६ मध्ये क्ष-किरण क्षेत्रातील नामवंत डॉक्टर गुस्ताव बुकी यांच्यावर जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवण्याची शस्त्रक्रिया केली होती. हे बुकी आइनस्टाइन यांचे स्नेही. दोघांनी मिळून एका स्वयंचलित कॅमेऱ्याचे पेटंटही घेतले होते.

ब्रिटनमध्ये फिलिप अ‍ॅलिसन यांनी १९५१ मध्ये हर्निया, आम्लाचे वर येणे आणि अन्ननलिकेचा दाह यांचा संबंध स्पष्टपणे मांडला आणि हर्निया दुरुस्तीची स्वतःची पद्धत दिली. ती लोकप्रिय झाली. पुढे १९७३ मध्ये अ‍ॅलिसन यांनीच आपल्या रुग्णांचा २० वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परतल्याचे दिसले. आपल्याच पद्धतीचे अपयश आकडेवारीसह जाहीर करणारा हा अहवाल या विषयात आजही आदराने सांगितला जातो. सुरुवातीचे यश आणि दीर्घकाळचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसून आले.

बासेलमधील शस्त्रक्रियेत नवे काय होते?

१९५२ मध्ये निसेन युरोपात परतले. स्वित्झर्लंडमधील बासेल विद्यापीठाने त्यांना शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद दिले. जर्मन भाषक शहर, जर्मनीची सीमा हाकेच्या अंतरावर, पण देश दुसरा.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे ४९ वर्षांची एक महिला आली. तिला तीन वर्षे आम्लाचा तीव्र त्रास होता, पण हर्निया नव्हता. त्यामुळे हर्निया दुरुस्तीची नेहमीची शस्त्रक्रिया निरुपयोगी होती. इथे इस्तंबूलचा अनुभव कामी आला. निसेन यांनी काहीही न कापता जठराचा वरचा घुमटासारखा भाग, ज्याला 'फंडस' म्हणतात, अन्ननलिकेच्या मागून पुढे आणला आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसा पूर्ण वेढा देऊन शिवला. जठरात दाब वाढला की या गुंडाळीतही दाब वाढतो आणि अन्ननलिकेचे टोक आपोआप आवळले जाते. आम्ल वर ढकलणारा दाबच त्याची वाट बंद करतो.

अशा दोन रुग्णांचा अनुभव त्यांनी १९५६ मध्ये एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकात मांडला. शीर्षकातच ही साधी शस्त्रक्रिया असल्याचे म्हटले होते. पुढे 'फंडोप्लिकेशन' हे नाव रूढ झाले. सेलोफेनप्रमाणे इथे कोणतीही परकी वस्तू नव्हती. गुंडाळी रुग्णाच्याच जठराची, रक्तपुरवठा तिचा स्वतःचा.

या शस्त्रक्रियेत त्रुटी नव्हत्या का?

होत्या, आणि त्या लवकरच दिसू लागल्या. गुंडाळी फार घट्ट झाली तर घास अडकतो. झडप एकाच दिशेने वाट देत असल्याने काही रुग्णांना ढेकर देता येत नाही, उलटी होत नाही. पोट गच्च फुगते आणि वायू सरण्याचे प्रमाण वाढते. कधी गुंडाळी सैल होते, कधी जठरावर घसरते, तर कधी संपूर्ण गुंडाळीच छातीत सरकते.

त्यामुळे पद्धतीत बदल होत गेले. निसेन यांचे शिष्य मारिओ रोसेट्टी यांनी जठराची फक्त पुढची भिंत वापरण्याची पद्धत रूढ केली आणि १९७७ मध्ये सुमारे १४०० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झाक दोर आणि आंद्रे तुपे यांनी अर्धवट वेढ्याच्या पद्धती आणल्या. अमेरिकेत गुंडाळी आखूड आणि सैल ठेवण्याकडे कल वाढला. आज 'निसेन' म्हणून केली जाते ती शस्त्रक्रिया १९५५ च्या तुलनेत बरीच आखूड आणि सैल असते.

निसेन १९६७ मध्ये निवृत्त झाले. १९६९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. बर्लिन, इस्तंबूल, बोस्टन, न्यूयॉर्क आणि बासेल अशा पाच शहरांतल्या कामाचा पट त्यांच्या आयुष्यात होता. २२ जानेवारी १९८१ रोजी बासेलजवळच्या रीहेन येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पहिल्या इम्प्लांटचे काय झाले?

निसेन हयात असतानाच, १९७९ मध्ये, अमेरिकेत एक नवा पर्याय पुढे आला. शल्यचिकित्सक जाँ-पिएर अँजेलचिक यांनी सिलिकॉनचे, आतून जेल भरलेले, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे कडे तयार केले. ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती ठेवायचे आणि फितीने बांधायचे. जठर गुंडाळण्याचे कौशल्य नको, वेळ कमी, पद्धत सर्वांसाठी सारखी. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते आणि हजारो रुग्णांना ही कडी बसवली गेली.

काही वर्षांत तक्रारी वाढल्या. अनेकांना गिळताना कायमचा त्रास होऊ लागला. काहींमध्ये कडे जागचे हलून छातीत किंवा खाली पोटात गेले. काहींमध्ये त्याने जठराची किंवा अन्ननलिकेची भिंत झिजवत आत प्रवेश केला. परक्या वस्तूभोवती शरीर व्रणाची ऊती तयार करते. आइनस्टाइन यांच्या धमनीभोवती हीच ऊती हवी होती. सतत हलणाऱ्या, प्रत्येक घासाला रुंदावणाऱ्या अन्ननलिकेभोवती ती अडचणीची ठरली. बरीच कडी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावी लागली आणि १९९० च्या दशकात त्यांचा वापर थांबला.

दुसरा धडा २००५ मध्ये मिळाला. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या भिंतीत टोचायच्या 'एन्टेरिक्स' या द्रव बहुवारिकाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली होती. गंभीर दुष्परिणाम आणि मृत्यूंच्या नोंदी झाल्याने दोनच वर्षांत ते बाजारातून मागे घेण्यात आले.

'निसेन' शस्त्रक्रिया किती टिकते?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोलसारखी आम्लनिर्मिती रोखणारी प्रभावी औषधे आली आणि शस्त्रक्रियेची गरज संपेल असे वाटू लागले. तेवढ्यात १९९१ मध्ये बेल्जियमच्या बर्नार्ड डालमान्य यांनी दुर्बिणीद्वारे केलेल्या निसेन शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. पोटावर मोठा छेद नको, दोन-तीन दिवसांत घरी. शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने वाढली.

दीर्घकाळचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील एका अभ्यासाचा पाठपुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण सुमारे दशकभरानंतर पुन्हा नियमित औषधे घेत होते. ही शस्त्रक्रिया खुल्या पद्धतीची होती. युरोपातील ११ देशांत झालेल्या 'लोटस' चाचणीत पाच वर्षांनी आजार नियंत्रणात असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के, तर औषधांच्या गटात ९२ टक्के होते. मात्र तिथे औषधाला चांगला प्रतिसाद देणारेच रुग्ण घेतले होते. स्वीडनमध्ये दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेल्या २६५५ रुग्णांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या. सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के रुग्णांत आजार परतला. त्यातील बहुतेकांना औषधे पुरली, तर सुमारे सहापैकी एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागली.

औषधांनी बरे न वाटणाऱ्यांचे काय? २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ३६६ रुग्णांची काटेकोर तपासणी झाली. जळजळ खरोखर आम्लामुळेच आणि औषधांना न जुमानणारी असल्याचे फक्त ७८ जणांत सिद्ध झाले. या निवडक गटात वर्षभरानंतर शस्त्रक्रियेला ६७ टक्के यश मिळाले. औषधोपचार वाढवलेल्या गटात ते २८ टक्के होते. रुग्णाची निवड चोख असेल तर गुंडाळीचा फायदा मोठा असतो, हे यातून दिसते.

चुंबकीय कडे वेगळे कसे?

'लिंक्स' नावाचे हे कडे टायटॅनियमच्या छोट्या मण्यांचे असते. प्रत्येक मण्यात चुंबक असतो आणि मणी बारीक तारांनी एकमेकांना जोडलेले असतात. एरवी चुंबक एकमेकांना ओढून धरतात आणि अन्ननलिकेचे टोक मिटलेले राहते. घास आला की त्याच्या दाबाने मणी दूर होतात आणि घास गेला की पुन्हा जवळ येतात. अँजेलचिक यांचे कडे रुंदावत नव्हते, हे रुंदावते. ढेकर देणेही बहुतेकांना शक्य होते. माणसांत त्याचा वापर २००७ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

मान्यतेसाठी झालेल्या अभ्यासात १०० रुग्ण होते. पाच वर्षांनी ८५ जणांची माहिती उपलब्ध होती. सुरुवातीला सर्वच जण आम्लरोधक औषधे घेत होते. पाच वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले. जीवनमानाच्या मोजपट्टीवर ८३ टक्के रुग्णांत निम्म्याहून अधिक सुधारणा दिसली. दुसरी बाजू अशी की शस्त्रक्रियेनंतर ६८ टक्के रुग्णांना गिळताना त्रास झाला. तो वर्षभरात ११ टक्क्यांपर्यंत खाली आला. शंभरपैकी सात जणांचे कडे काढावे लागले.

मिलानमधील एका रुग्णालयाने त्याहून लांबचा हिशेब २०२० मध्ये दिला. तेथील १२४ रुग्णांचा सहा ते १२ वर्षे पाठपुरावा झाला. त्यातील ७९ टक्के रुग्णांनी औषधे पूर्ण थांबवली होती आणि ८९ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेतील आम्लाचे प्रमाण सामान्य झाले होते. कड्याने भिंत झिजवून आत शिरण्याच्या घटनाही तपासल्या गेल्या. २०१८ च्या आढाव्यात ९४५३ कड्यांपैकी २९ बाबतीत तसे घडल्याचे आढळले. चार वर्षांतील हा धोका सुमारे ०.३ टक्के आहे. सर्वांत लहान, १२ मण्यांच्या कड्यात तो बराच जास्त होता.

हे आकडे वाचताना काय लक्षात घ्यावे?

चुंबकीय कड्याचे बहुतेक अभ्यास मोठा हर्निया नसलेल्या, निवडक रुग्णांवर आणि अनुभवी केंद्रांत झाले आहेत. हजारो सर्वसामान्य रुग्णांच्या नोंदींशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. गुंडाळीमागे सुमारे सात दशकांचा अनुभव आहे, तर कड्यामागे दोन दशकेही पूर्ण झालेली नाहीत. चाळिशीतल्या रुग्णाच्या शरीरात ते तीस-चाळीस वर्षे राहणार असेल, तर त्यातील उत्तरार्धाची माहिती अजून जमायची आहे.

व्यवहारातले फरकही आहेत. कडे असलेल्या रुग्णाला एमआरआय तपासणीसाठी मर्यादा येते. सुरुवातीच्या कड्यांना ०.७ टेस्लापर्यंतच परवानगी होती. नव्या कड्यांना १.५ टेस्लापर्यंत आहे. टायटॅनियम किंवा निकेलसारख्या धातूंची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते बसवत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर लगेच थोडे-थोडे घन अन्न खात राहावे लागते. मणी हलते राहिले नाहीत, तर भोवतालची व्रणाची ऊती त्यांना जखडते. गुंडाळी झालेल्यांना उलट सुरुवातीचे काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न दिले जाते. त्रास झाल्यास कडे काढून नंतर गुंडाळी करता येते.

दोन्ही शस्त्रक्रियांपूर्वी तीन तपासण्या महत्त्वाच्या ठरतात : दुर्बिणीतून अन्ननलिका पाहणे, २४ तास किंवा अधिक काळ आम्लाची मोजणी आणि अन्ननलिकेच्या स्नायूंचा जोर मोजणे. स्नायू दुबळे असतील तर पूर्ण गुंडाळी किंवा कडे यांमुळे घास अडकण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांत अर्धवट वेढ्याचा विचार होतो. शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास रुग्णाने शल्यचिकित्सकाला तीन प्रश्न जरूर विचारावेत : या तपासण्या झाल्या आहेत का, अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत आणि त्यातील किती रुग्णांची पाच वर्षांनंतरची माहिती तुमच्याकडे आहे?